तळ्याकाठी दिवसभर बसून बघितलेली बावीस सेकंदं

2024 च्या दिवाळीत ताईने हट्टच धरला, या वर्षी भाऊबीजेला तूच इकडे ये, दर वर्षी काय मी मोबाईलच्या स्क्रीनला ओवाळायचं का. ताईचा मुलगा इंग्लंडमध्ये प्रेस्टनला असतो आणि ताई सध्या नातीला सांभाळायला तिकडे आहे. माझी रजा साठलेली होतीच, व्हिसा पण मिळाला, म्हटलं चला. 3 नोव्हेंबरला भाऊबीज झाली, ओवाळणी पाऊंडात घालावी लागली तो झटका वेगळा, आणि परतीच्या विमानाला अजून पाच-सहा दिवस होते, बाहेर सगळं करडं, ऊन नाही पाऊस नाही, नुसतं घरात बसून फराळ संपवायचा. तेव्हा भाचा म्हणाला, मामा, तुला बोटींचं वेड आहे ना, इथून दीड तासावर कॉनिस्टन म्हणून तळं आहे, तिथे या आठवड्यात पॉवरबोटवाले रेकॉर्ड करायला जमतात, जायचं का?

बोटींचं वेड हा आमच्या घरातला जुना आजार आहे. बाबांनी भाऊच्या धक्क्यावर रेवसच्या लाँचवर तीस वर्षं इंजिनात काढली. आम्ही माझगावात राहायचो, अजून तिथेच राहतो, शाळा सुटली की मी धक्क्यावर, आणि बाबा इंजिनाच्या खोलीतून वर आले की त्यांच्या बनियनचा मूळ रंग कुठला हे फक्त आईला माहीत असायचं. लाँचचा स्पीड किती असं विचारलं की म्हणायचे, "चालणाऱ्यापेक्षा जास्त, सायकलवाल्यापेक्षा कमी, आणि भरती उलटी असली तर देवाची मर्जी." त्यामुळे स्पीडबोट हा प्रकार आमच्याकडे जरा चेष्टेचाच. गेटवेवरून मांडव्याला बंगल्यावर जाणारे लोक आणि त्यांच्या त्या नाचऱ्या बोटी, एवढंच.

तशी एक रेस मी आधी बघितली होती, म्हणजे बघितली असं म्हणायचं. 2017 च्या मार्चमध्ये मरीन ड्राइव्हसमोर ती पी-वन पॉवरबोटची तीन दिवसांची रेस झाली होती, गौरव गिल, सी. एस. संतोष असे आपले रॅलीवाले पण त्यात उतरले होते, एका बोटीत दोघं दोघं, मागे अडीचशे हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन. बाबांना टॅक्सीत घालून नेलं होतं. कट्ट्यावर ही गर्दी, टळटळीत ऊन, लाउडस्पीकरवर कोणीतरी हिंदी-इंग्लिशमध्ये किंचाळतोय, आणि लांब समुद्रात पांढऱ्या रेघा इकडून तिकडे. कोण पुढे कोण मागे काही कळेना. अर्ध्या तासाने बाबा म्हणाले, "फेस बघायला एवढ्या लांब आणलंस होय, घरी साबण होता की." चणे खाऊन परत आलो.

तर डोक्यात तेच चित्र घेऊन मी कॉनिस्टनला निघालो. गर्दी, आरडाओरडा, दहा बोटी एकदम सुटणार वगैरे. ताईने चकल्या, शंकरपाळे आणि तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा दिला, थर्मासमध्ये आल्याचा चहा, जसं काही आम्ही माथेरानला चाललोय.

पोचलो साडेनऊला आणि बघतो तर तळंच नाही. म्हणजे धुकं. काठावरच्या गवतापासून दहा पावलांवर जग संपलेलं. थोडी माणसं होती, फार तर दोन-तीनशे, जाड जॅकेटं घालून घडीच्या खुर्च्यांवर बसलेली, कुत्री घेऊन आलेली, आणि कोणीही काहीही बोलत नव्हतं. बोलत होते पण हळू, वाचनालयात बोलतात तसं. मी भाच्याला विचारलं, रद्द झालं का? तो म्हणाला नाही मामा, वाट बघतायत. कशाची? समोरचं टोक दिसायची.

मग हळूहळू प्रकार कळला. ही रेसच नाही. कोणी कोणाच्या पुढे जायचं नसतं. एका वेळी एकच बोट पाण्यात, बाकी अख्खं तळं रिकामं. तळं आठेक किलोमीटर लांब आणि जेमतेम एक किलोमीटरसुद्धा रुंद नाही, नुसती एक लांबुळकी पट्टी, म्हणूनच ते सरळ पळवायला बरं. मध्ये एक किलोमीटर मोजून ठेवलेला असतो. बोट लांबून वेग घेत येते, तो किलोमीटर पार करते, पुढे जाऊन वळते आणि तोच किलोमीटर उलट दिशेने परत पार करते. दोन्ही फेऱ्यांची सरासरी काढायची, तो तुमचा वेग. एकाच दिशेने मोजलं तर वारा पाठीशी असलेला माणूस फुकट भाव खाऊन जाईल ना, म्हणून. आणि एक फेरी झाली, दुसरी नाही झाली, तर पहिलीला काडीची किंमत नाही, कितीही भन्नाट असू दे. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे येणारच आहे.

अजून एक गंमत, एरवी या तळ्यावर ताशी 16 किलोमीटरच्या वर बोट चालवायला बंदी आहे. दहा मैल त्यांच्या भाषेत. आमची रेवसची लाँचसुद्धा भरतीबरोबर असली तर दंड भरून आली असती. या आठवड्यापुरती खास परवानगीने सूट.

तर आम्ही वाट बघत बसलो. दहा वाजले, साडेदहा वाजले. चहा झाला. पाणी असं निश्चल की किनाऱ्याजवळ एक बदक पोहत गेलं त्याची रेघ पाच मिनिटं मोडली नाही. मला खरं सांगायचं तर कंटाळा आला होता, मुंबईच्या माणसाला नुसतं बसायची सवय नाही, आपण लोकलची वाट बघतो तेव्हापण इंडिकेटरकडे रागाने बघत असतो. म्हणून उठून बोटी ठेवल्या होत्या तिकडे गेलो. तिथे मात्र जीव रमला. ट्रॉलीवर एक छोटी हायड्रोप्लेन होती, छोटी म्हणजे आपल्या रिक्षापेक्षा थोडी लांब, चपटी, पुढे दोन बाजूंना दोन पाय फुटल्यासारखे. एक माणूस तिच्याखाली उताणा पडून तळ पुसत होता, कोरड्या फडक्याने, इंच इंच, जशी आई गौरीचे मुखवटे पुसते तसा. मग त्याने मागच्या पंख्याच्या, म्हणजे प्रॉपेलरच्या, कडेवरून नुसतं बोट फिरवलं, डोळे मिटून. एका ठिकाणी थांबला, परत फिरवलं, खिशातून बारीक कानस काढली आणि दोन-तीनदाच घासलं, इतकं हलकं की आवाजपण आला नाही. बाबांच्या लाँचचा पंखा म्हणजे पितळेचं परातीएवढं धूड, त्यात गोणपाट अडकलं तर कोयत्याने सोडवायचं. हा स्टीलचा, तळहाताहून थोडा मोठा, कडा विळीसारखी. मी बाबांसाठी फोटो काढला, तो माणूस हसून बाजूला झाला आणि मला नीट काढू दिला.

त्याने समजावून पण सांगितलं थोडं, माझं इंग्लिश आणि त्याचं इंग्लिश यांची गाठ पडायला वेळ लागला तो सोडा. मुद्दा असा की पाणी हवेपेक्षा आठशेपट दाट. म्हणजे बोट जितकी पाण्यात तितकी ती अडणार. म्हणून या बोटी पळायला लागल्या की पाण्यातून वर येतात, फक्त तीन ठिकाणी टेकतात, पुढचे दोन पाय आणि मागचा पंख्याकडचा भाग. खाली हवा घुसते आणि त्या हवेवर त्या तरंगतात. पण तीच हवा जरा जास्त झाली, नाक जरा जास्त वर उचललं गेलं, की बोट पतंगासारखी उचलली जाऊन मागे उलटी होते. त्याने हाताचा पंजा उलटा करून दाखवला. पुढे काही बोलला नाही, परत फडकं घेतलं.

साडेअकराच्या सुमाराला धुकं वर उचललं गेलं, एकदम नाही, पडदा खालून दोन फूट वर घ्यावा तसं. आधी पाणी दिसलं, मग पलीकडचा काठ, मग झाडी, सगळ्यात शेवटी पलीकडे चढावर एक पांढरं घर. भाचा म्हणाला ते ब्रँटवूड, जॉन रस्किनचं. मी म्हटलं कोण रस्किन, आणि मग माझीच ट्यूब पेटली, गांधीजींनी 1904 मध्ये जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना गाडीत रात्रभर जागून ज्याचं पुस्तक वाचलं आणि नंतर त्याचा गुजराती सारांश करून त्याला सर्वोदय नाव दिलं, तो हा रस्किन. गावदेवीला मणिभवनात शाळेच्या ट्रिपला जाऊन आलेल्या माणसाला हे इंग्लंडातल्या तळ्याकाठी पॉवरबोटी बघताना आठवावं, काय बोलायचं. बिचारा शांततेसाठी येऊन राहिला असेल इथे.

आणि मग सुरक्षेच्या बोटी तळ्यावरून फिरून आल्या. हळू, अगदी हळू, पाण्यात एखादं लाकूड, फांदी तरंगतेय का बघत. एक टोक ते दुसरं टोक. त्या फिरल्याने ज्या लाटा झाल्या त्या विरेपर्यंत परत थांबले सगळे. मला तेव्हा हा अतिरेक वाटला. नंतर महिन्या-सव्वा महिन्याने, 18 डिसेंबरला, आपल्या गेटवेवरून एलिफंटाला निघालेल्या नीलकमल लाँचवर इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची स्पीडबोट येऊन आदळली, माणसं गेली, ते व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी बघितलेत. मी एकदाच बघितला. बाबांनी बघितलाच नाही, टीव्ही बंद करायला लावला. त्या दिवशी मला ती रिकामी पट्टी आणि फांद्या शोधत हळू फिरणाऱ्या त्या बोटी आठवल्या.

असो. पहिली बोट निघाली ती डावीकडे लांब गेली आणि गायब. काही नाही. दोन मिनिटं काहीच नाही. आजूबाजूच्या सगळ्यांनी बोलणं थांबवलं, एका बाईने कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग पांढरा ठिपका दिसला आणि तो मोठा व्हायला लागला आणि त्याच्यामागे पाण्याचा तुरा, उंच, कोंबड्याच्या शेपटासारखा वळलेला, आणि आवाज नाही! आवाज मागून येतो. बोट समोर येते तेव्हा आवाज अजून मागे कुठेतरी असतो, आणि ती पुढे निघून गेल्यावर तो डोंगरावर आपटून परत येतो, त्यामुळे मान उजवीकडे आणि कान डावीकडे अशी अवस्था. ताशी 160 ने एक किलोमीटर म्हणजे साडेबावीस सेकंद. मी मनातल्या मनात मोजत होतो, एकोणीस वीस एकवीस, आणि संपलं. एवढ्यासाठी सकाळपासून बसलो होतो. पण सांगतो, मरीन ड्राइव्हच्या अर्ध्या तासात जे कळलं नव्हतं ते त्या बावीस सेकंदात कळलं, कारण बघायला दुसरं काहीच नव्हतं. एक बोट, एक पाणी. ती पाण्यावर चालत नव्हती, पाण्याला चिमटे काढत पळत होती.

टाळ्या वाजल्या नाहीत. मी वाजवायला हात उचललेले, ते खाली घेतले. भाचा कुजबुजला, अजून परत यायचीय.

परत आली, वेग जाहीर झाला, मग वाजल्या. हेल्मेट काढलं तर आत साठीची बाई, पांढरे केस घामाने चिकटलेले, आणि काठावर आल्या आल्या पहिलं काय केलं तर चष्मा मागितला.

दिवसभरात सात-आठ बोटी बघितल्या. सगळ्या रेकॉर्ड मोडायला नसतात, काही नुसत्या स्वतःचा आकडा काढून घ्यायला येतात. एक विजेवरची पण होती, ती गेली तेव्हा तर फक्त पाणी फाटल्याचा आवाज, टेलरच्या दुकानात कापड फाडतात तसा. याच तळ्यावर 2018 मध्ये विजेच्या बोटीचा ताशी साडेअठ्ठ्याऐंशी मैलांचा, म्हणजे 142 किलोमीटरचा विक्रम झाला होता. आणि एक निळी बोट, जाताना अशी गेली की माझ्या शेजारचा म्हातारा खुर्चीतून उठून उभा राहिला. ती परत आलीच नाही. पलीकडच्या टोकाला इंजिन बसलं, दोरीला बांधून आणली. पहिल्या फेरीचा आकडा सांगितला त्यांनी, आजचा सगळ्यात मोठा, आणि तो कुठेच लिहिला जाणार नाही.

हा शेजारचा म्हातारा. त्याला आम्ही चकली दिली होती, त्याने आधी ती उलगडायचा प्रयत्न केला, मग कळल्यावर चार खाल्ल्या. त्या निळ्या बोटीनंतर तो आपणहून बोलायला लागला. डोनाल्ड कॅम्पबेलचं नाव मला ऐकून माहीत होतं, पण ते त्या जागी बसून ऐकणं वेगळं. या कॅम्पबेलने 1956 ते 59 मध्ये याच पाण्यावर चार वेळा पाण्यावरच्या वेगाचा जागतिक विक्रम मोडला, शेवटचा ताशी 260 मैलांचा. त्याच्या आधी 1939 ला बापाने, माल्कमने, इथेच केला होता. मुलाने 1964 मध्ये एकाच वर्षात जमिनीवरचा आणि पाण्यावरचा असे दोन्ही विक्रम केले, ते दोन्ही ऑस्ट्रेलियात. मग त्याला तीनशेचा आकडा हवा होता. 4 जानेवारी 1967, सकाळ. पहिली फेरी 297 मैल, म्हणजे ताशी जवळजवळ 480 किलोमीटर. पण एकच फेरी. आता परत यायचं. ठरलेलं असं होतं की इंधन भरायचं आणि स्वतःच्याच बोटीने उठवलेल्या लाटा शांत होऊ द्यायच्या. तो थांबला नाही. लगेच वळला. परत येताना 320 च्या वर गेला आणि मग नाक उचललं गेलं. का उचललं गेलं यावर माणसं अजून वाद घालतात, इंजिनाने दगा दिला म्हणतात, लाटा नडल्या म्हणतात. म्हाताऱ्याने पण हाताचा पंजा उलटा केला, सकाळच्या माणसाने केला होता अगदी तसाच. कॅम्पबेल गेला तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा होता. त्याचं टेडीबेअर होतं, मिस्टर व्हॉपिट नावाचं, कायम बरोबर असायचं, ते तेवढं पाण्यावर तरंगताना सापडलं. बोट आणि तो सापडायला 2001 उजाडलं.

टेडीबेअरला हसू नका. आमच्या लाँचवर लिंबूमिरची, नारळ आणि इंजिनावर एकवीरा आईचा फोटो असायचा. कॅम्पबेल हिरवा रंग अशुभ मानायचा म्हणे.

चार वाजता अंधारायला लागलं, त्याच्या आधी आम्ही गावातलं रस्किन म्युझियम उरकून घेतलं, कारण कॅम्पबेलची ती बोट, ब्लूबर्ड के-सेव्हन, 2024 च्या मार्चपासून तिथे ठेवली होती. पाण्यातून काढून, स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं खपून दुरुस्त करून, 2018 मध्ये स्कॉटलंडमध्ये परत पाण्यात पळवूनसुद्धा झाली. निळी, चपटी, मोठी. मी बोटीभोवती दोन फेऱ्या मारल्या. आणि तिथे मला कळलं की शेवटच्या प्रयत्नासाठी तिला जे जेट इंजिन बसवलं होतं, ऑर्फियस, ते फॉलंड नॅट विमानाचं होतं. नॅट! पासष्ट-एकाहत्तरला आपल्या हवाई दलाने ज्याच्यातून पाकिस्तानची सेबर जेट पाडली, फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों जे उडवत होते, तेच. कॅम्पबेलने अपघातात मोडलेलं एक नॅट विकत घेऊन त्याचं इंजिन घातलं, शेपटाचा उभा पंखसुद्धा त्याचाच. भाच्याला त्यात काही विशेष वाटलं नाही, तो 1995 चा.

पाण्यावरच्या वेगाचा विक्रम आता कोणाकडे आहे तर केन वॉर्बी, ऑस्ट्रेलियाचा, 1978, ताशी 317 मैल म्हणजे 511 किलोमीटर. बोट घराच्या परसात बांधली होती, आणि इंजिन लष्कराच्या भंगारातलं. तो विक्रम मोडायला नंतर दोघं गेले, 1980 ला एक, 1989 ला एक, दोघंही गेलेच.

मुंबईत परत आलो. बाबा 78 वर्षांचे, हल्ली खाली उतरत नाहीत, खिडकीत बसतात. त्यांना सगळे फोटो दाखवले. नॅटचं ऐकून खूश झाले, म्हणाले बारकं होतं पण तिखट होतं. पंख्याचा फोटो दोन बोटांनी मोठा करून बराच वेळ बघितला. म्हटलं आता व्हिडिओ बघा. नको, आवाज लाव फक्त, आणि मोबाईल कानाला लावला. त्या निळ्या बोटीची फेरी होती ती, जी परत आली नाही. मी काही सांगितलं नव्हतं. डोळे मिटून बावीस सेकंद ऐकलं, परत लाव म्हणाले, परत ऐकलं.

"पंखा हवा खातोय."

मी त्यांना समजावलं की बाबा, या बोटींचा पंखा मुद्दाम अर्धा पाण्याच्या वर ठेवतात, तसाच फिरवायचा असतो, अर्धा हवेत अर्धा पाण्यात, त्यानेच तर वेग मिळतो. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी म्हटलं भात अर्धा कच्चाच खायचा असतो. मोबाईल परत दिला.

"आणि तो शेवटी आवाज बारीक होतो तिथे डाव्या बाजूचा एक प्लग मारत नाहीये. परत येताना दगा देणार ती. त्यांना कळवलंस का?"